काय हरवलंय का, ताई?

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लवळ्यात एका बांधालगत मी खाली वाकून काहीतरी शोधत होते. हातात मोबाइल, बुटांना चिखल, समोर कापणीला आलेलं भात. रस्त्याने दोन बायका गवताचे भारे डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. त्यातली एक थांबली आणि म्हणाली, "काय हरवलंय का, ताई?"

मी जे शोधत होते ते माझं नव्हतं आणि हरवलेलंही नव्हतं. माझ्या एका मित्राने मुद्दाम लपवलेली डबी होती ती. पण या खेळात नवख्यांना अगदी सुरुवातीला सल्ला मिळतो, की बाहेरच्या माणसाला खरं सांगत बसू नका. बुटाची नाडी बांधल्यासारखं करा, फोनवर बोलल्यासारखं करा. मी म्हटलं, "कानातलं पडलंय."

दोघींनी भारे खाली उतरवले. उतरवलेला भारा एकटीला परत डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो, तरी उतरवले. "सोन्याचं होतं?" "नाही हो मावशी, साधंच." "साधं असलं म्हणून काय झालं, एक गेलं की दुसरं वाया." आणि त्या गवत बाजूला सारून शोधायला लागल्या. मोटरसायकलवरून चाललेला एक पोरगा थांबला, त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. वीस मिनिटं चार माणसं नसलेली वस्तू शोधत होती आणि ती नाही हे त्यांच्यातल्या एकीलाच माहीत होतं. शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या, उशीर होईल तुम्हाला." निघताना पहिली बाई म्हणाली, "उद्या कापणीला इथंच येतोय आम्ही. घावलं तर कुठं आणून देऊ?"

डबी मला त्या दिवशी मिळाली नाही. खेळाच्या भाषेत याला डीएनएफ म्हणतात, म्हणजे शोधलं पण सापडलं नाही. ॲपवर निळा चेहरा टाकायचा आणि पुढे जायचं. मला पुढे जाता आलं नाही.

जिओकॅशिंगबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक कसं खेळायचं याबद्दल किंवा किती मजा येते याबद्दल. मला वेगळं काही लिहायचंय. काही महिने हा खेळ खेळल्यावर मी अशा मताला आलेय की कॅश ही वाचायची गोष्ट आहे. तिला लेखक असतो, वाचक असतो, शैली असते, फसलेला आणि जमलेला शेवट असतो. मग तिची समीक्षाही व्हायला हवी. विशेषतः ज्या कॅशना 'क्रिएटिव्ह' म्हणून डोक्यावर घेतलं जातं त्यांची.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडा इतिहास. २ मे २००० या दिवशी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर साध्या माणसाच्या यंत्राला स्वतःची जागा शंभरेक मीटरच्या फरकाने कळायची. एका रात्रीत तो फरक दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक बेचकी, बीन्सचा एक डबा. अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि अट अशी घातली की काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. माइक टीग या माणसाला ती सगळ्यात आधी सापडली. त्याच महिन्यात मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने त्याची वेबसाइट सुरू केली. पहिलीच बादली पुरलेली होती आणि आज या खेळात जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. मूळ ग्रंथ परंपरेच्याच नियमात बसत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही.

आज ॲपवर कॅश उघडली की आधी तिचं नाव दिसतं, मग अक्षांश-रेखांश, मग लपवणाऱ्याने लिहिलेलं वर्णन. किती अवघड आणि वाट किती खडतर, हे एक ते पाच ताऱ्यांत सांगितलेलं असतं. शेवटी एक खूण असते. वेबसाइटवर ही खूण अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहितात, म्हणजे चुकून वाचली जाऊ नये. (ही युक्ती सव्वीस अक्षरांच्या रोमन लिपीसाठीच आहे. आपल्या बाराखडीपुढे ती हात टेकते.) प्रत्यक्ष जागेवर डबी आणि डबीत कागदाची गुंडाळी. सापडली की त्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि ॲपवर चार ओळी. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर. इतकं बारीक सांगूनही फोन झाडाखाली पाच-सात मीटर इकडेतिकडे करतोच. तेवढ्या वर्तुळात शेवटी डोळ्यांनीच वाचावं लागतं. साहित्य म्हणून या खेळाचा जीव त्या पाच-सात मीटरांत आहे.

माझा मित्र जर्मनीत शिकायला होता. तिथे कॅशची संख्या प्रचंड आहे आणि 'क्रिएटिव्ह' लपवणाऱ्यांना वाचकही भरपूर. पोकळ केलेला ओंडका, आतून कोरलेला नट-बोल्ट, खोटा दगड, खोटी पक्ष्याची पेटी, खांबावरच्या विजेच्या डब्यासारखा दिसणारा पण आत काहीच नसलेला डबा. त्याने मला फोटो दाखवले तेव्हा मी हरखून गेले होते. एका झाडाची साल खरी दिसत होती, तिला बारीक बिजागरी होती.

तो लवळ्याजवळ राहायला आला तेव्हा आमच्या आजूबाजूला ॲपवर जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणून सरावासाठी त्याने आधी आपल्यापुरत्याच, ॲपवर न टाकता, काही डब्या लपवायच्या आणि मी शोधायच्या असं ठरलं. पहिली त्याची लाडकी: पोकळ ओंडका. बाभळीचा हातभर तुकडा आणून त्याने आठवडाभर घरात ड्रिल चालवलं, आत डबी बसवली, तोंडाला सालीचं झाकण केलं आणि टेकडीच्या वाटेवर झुडपात ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी मी गेले तर ओंडका नाही. आम्ही दोघांनी मिळून शोधला, नाही. वाटेत सरपणाची मोळी घेऊन उतरणारी एक आजी भेटली आणि दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. वाळलेली बाभूळ आहे ती. झुडपात पडलेली बघून कोण सोडेल? त्याची आठवड्याची कारागिरी कुणाच्या तरी चुलीत गेली, बहुतेक डबीसकट.

दुसरी होती लोहचुंबक लावलेली नट-बोल्टची जोडी. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर चिकटवलेली. ती भंगारात गेली असणार. तिसरी, पाण्याच्या जुन्या बाटलीत. बाटल्या वेचणारी पोरं शनिवारी येतात.

मित्राला याचं वाईट वाटलं. चोऱ्या होतात म्हणाला. मला मात्र त्यात एक समीक्षेचा मुद्दा दिसायला लागला. 'क्रिएटिव्ह' कॅशची सगळी कला एका गृहीतावर उभी आहे: वस्तू बिनकामाची दिसली की तिच्याकडे कुणी बघत नाही. ओंडका म्हणजे रानातला कचरा, बोल्ट म्हणजे रस्त्याचा भाग, दगड म्हणजे दगड. हे गृहीत त्या जंगलांत खरं असेल. लवळ्यात ओंडका म्हणजे सरपण, बोल्ट म्हणजे किलोवर विकायचं लोखंड, बाटली म्हणजे कुणाची तरी संध्याकाळची कमाई. इथे बिनकामाची वस्तू हा प्रकारच दुर्मिळ आहे. ज्या लेखकाला आपल्या प्रदेशातल्या वस्तूंची किंमत माहीत नाही त्याच्या वर्णनाला आपण पोकळ म्हणतो. इथे तर ते अक्षरशः पोकळ होतं.

दुसरं गृहीत माणसांबद्दलचं. जो खेळत नाही त्याला 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. जादू न येणारा, आणि म्हणून ज्याच्यापासून सगळं लपवायचं असा. डबी बाहेरच्या कुणाच्या हाती लागून नाहीशी झाली की ती 'मगल' झाली म्हणतात. म्हणजे सरपण नेणारी आजी आमच्या कथेत आपत्ती म्हणून येते, पुरासारखी. मला हा शब्द सुरुवातीला गोड वाटायचा. कानातल्याच्या प्रसंगानंतर तो तोंडातून निघेना. ज्या रानात आपण एकटे आहोत असं आम्हाला वाटतं तिथे सकाळपासून गुराखी असतो, जळण आणणारी असते, भातावर पाखरं हाकणारा असतो. ते 'काय शोधताय' असं विचारत नाहीत. 'काय हरवलंय' असं विचारतात. खाली बघत फिरणारं माणूस हे काही गमावलेलं माणूस आहे, असं ते आधीच वाचून मोकळे होतात, आणि मदतीला येतात. या वाचनात तुमच्या गुप्ततेला जागाच नाही. ती टिकवायची तर खोटं बोलावं लागतं.

पुणेकराला आणखी एक वाचन पाठ असतं. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या पिशवीने १७ माणसं मारली. तेव्हा मी शाळेत होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना आमच्या पिढीने बसमध्ये, स्टेशनवर, थिएटरमध्ये इतक्यांदा ऐकलीय की ती अंगात मुरलीय. आणि आम्ही काय करतो, तर वर्दळीच्या जागी कुणाला दिसणार नाही अशी बंद डबी ठेवतो आणि ती किती बेमालूम लपली म्हणून स्वतःवर खूश होतो. मी आता पारदर्शक डबीच वापरते आणि वर ठळक मराठीत लिहिते. मित्र म्हणतो, यात कला कुठे राहिली?

कलेचं बोलायचं तर मागे जाऊ. जिओकॅशिंगचा इतिहास सांगणारे इंग्लंडमधल्या डार्टमूरपर्यंत जातात. तिथे १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवळणाच्या जागी एक बाटली ठेवली, की तिथवर चालत येणाऱ्याने आपलं नावाचं कार्ड तीत टाकावं. त्यातून 'लेटरबॉक्सिंग' सुरू झालं. चांगली गोष्ट आहे. पण जागेवर जाऊनच वाचायचा मजकूर, येणाऱ्या-जाणाऱ्याला उद्देशून लिहिलेला, हा प्रकार आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत तो गणला जातो. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ अभ्यासक असा लावतात, की जो हे वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं की वाचणारा जिंकला. मला यापेक्षा चांगली लॉगबुकची पहिली ओळ माहीत नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाला गद्धेगाळ. शिलाहार-यादवांच्या काळातले हे दगड: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाईचं ते ओंगळ चित्र. जो हे दान मोडील, ही जमीन हिसकावील, त्याच्या आईला शिवी. तोही शेतात उभा केलेला मजकूरच, वाचकाला उद्देशूनच. फक्त तो म्हणतो, वाच आणि हात लावू नकोस. शिवीचा सगळा भार एका बाईवर टाकायचा, ही शैली आपण अजून सोडलेली नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. मला इथे एवढंच दिसतं की आपल्या मातीत जागेवरचा मजकूर बहुतेक वेळा जमिनीबद्दल असतो. कुणाची आहे, कुणाला दिली, कुठपर्यंत आहे.

हे मला पुस्तकातून आधी कळायला हवं होतं. कळलं दगडामुळे.

मित्राच्या तीन डब्या गेल्यावर मी ठरवलं की आता माझी कॅश, आणि ही थेट ॲपवर टाकायची. दोन शेतांच्या कोपऱ्यावर, पडीक वाटणाऱ्या तुकड्यात, एक चपटा दगड होता. तो मी हातभर बाजूला सरकवला, खालच्या खोबणीत डबी ठेवली, दगड तिच्यावर तिरपा टेकवला. सुरेख जमलं. अवघडपणाला चार तारे दिले. वर्णनही सजवून लिहिलं, इंग्रजीत अर्थातच, त्यात सह्याद्री, मॉन्सून आणि एकांत हे तिन्ही शब्द होते. डबीत एक गोटी, एक कीचेन, एक खोडरबर आणि लॉगच्या कागदावर इंटरनेटवरून उतरवलेला ठरावीक मजकूर: अभिनंदन, तुम्हाला सापडलं! आणि तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवण्याआधी एकदा अक्षांश-रेखांश पुन्हा घ्यावेत म्हणून आठवड्याने परत गेले.

बांधावर एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, हातात माझी डबी.

"हा दगड तूच हलवलास का गं?"

नाही म्हणायला सुचलंच नाही.

तो मोजणीच्या वेळचा खुणेचा दगड होता. पलीकडचं शेत त्यांच्या चुलत भावाचं. दोन घरांत बांधावरून आधीच बोलचाल नव्हती, आणि सकाळी येऊन बघावं तर दगड हातभर अलीकडे. दोन दिवस भांडण झालं. तिसऱ्या दिवशी दगड जागेवर ठेवायला उचलला तेव्हा खाली डबी निघाली. "तुझ्या या खेळण्यापायी त्यानं माझी अन् मी त्याची आय-माय काढली," ते म्हणाले. रागावलेले नव्हते. राग संपल्यानंतरचा थकवा होता आवाजात. मग म्हणाले, "आधी वाटलं करणीच केली कुणी."

शहरातल्या वाचकाला हे वाक्य गमतीचं वाटेल. ज्या राज्यात २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि ज्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन यांच्या शोधापायी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, तिथे झाडाखाली, दगडाखाली दडवलेल्या डबीला आपली अशी एक जुनी भीती चिकटलेली आहे. लिंबू, बाहुली, टाचण्या. खजिना शोधणे या शब्दांना आपल्याकडे रक्ताचा वास आहे. 'ट्रेझर' असं मी कागदावर छापलं होतं. आजोबांनी तो नातवाकडून वाचून घेतला होता. "अभिनंदन, खजिना घावला म्हणतोय पोरगा. खजिना कुठाय मग? ही गोटी?"

मी त्यांना सगळा खेळ समजावून सांगितला. उपग्रह, नकाशा, परदेशातून लोक येऊन शोधतात वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "म्हंजे माझ्या शेताचा नंबर तू त्या मोबाइलमधी टाकणार?"

या प्रश्नाला मुळशीत फार वजन आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. अलीकडच्या तीस वर्षांत पुणे हळूहळू चांदणी चौक ओलांडून इकडे आलं. लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठं आली, रस्ते आले, प्लॉटिंग आलं. २०१८ चा प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' तुम्ही बघितला असेल. त्यातल्या गुंडगिरीचीच चर्चा जास्त झाली, पण सिनेमा मुळात विकल्या गेलेल्या जमिनीचा आहे. कोयते नंतर येतात. या तालुक्यात हातात यंत्र घेऊन शेतात उभा राहणारा अनोळखी माणूस म्हणजे पुढच्या व्यवहाराची पहिली खबर. मोजणीखातंही आता उपग्रहावर चालणारे रोव्हर वापरतं. मी फोन समोर धरून, आकडे बघत, दहा पावलं पुढे आणि तीन मागे करत होते. मी मला शोधणारी दिसत होते. लांबून मी मोजणारी दिसत होते. 'मोजणीवाल्या का?' असं मला याआधी दोघांनी विचारलं होतं आणि मी हसून नाही म्हटलं होतं.

समीक्षक म्हणून मला त्या दिवशी माझ्याच लिखाणाचा निकाल लावावा लागला. मी दगड हा दगड म्हणून वाचला होता. मजकुराच्या ऐन मध्यावर बसून, तिथे आधीच एक मजकूर आहे हे मला दिसलं नव्हतं. आजोबांना अक्षांश-रेखांशाची गरज पडली नव्हती. दगड हातभर सरकलाय हे त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. चार तारे दिलेली माझी कॅश त्यांनी ॲपशिवाय, खुणेशिवाय, शोधत नसतानाही शोधून काढली. खेळात पहिल्या शोधणाऱ्याला एफटीएफचा मान असतो, त्यासाठी लोक रात्री-अपरात्री गाड्या काढतात. माझ्या पहिल्या कॅशचा मान 'मगल' माणसाला गेला.

आणि ॲपवरचे वाचक काय लिहितात? टीएफटीसी. कॅशबद्दल धन्यवाद, याची चार अक्षरं. मी फिरत फिरत दूरदूरच्या कॅशच्या नोंदी वाचत असते, शेकड्यांनी तीच चार अक्षरं. नाटक बघून आल्यावर 'छान होतं' म्हणण्यापेक्षाही कमी. कधीतरी एखादा लिहितो की पाऊस होता, वडिलांबरोबर शेवटची ही वाट चाललो होतो, डबी ओली झालीय, कागद बदला. अशी एक नोंद दोनशे टीएफटीसींच्या खाली दबलेली सापडते तेव्हा मात्र वाटतं, हा प्रकार टिकायला हवा. गडांच्या भिंतींवर बाण मारलेली बदामं आणि नावं कोरणाऱ्या आपल्या लोकांना कुणीतरी वेळेवर एक वही दिली असती तर किती दगड वाचले असते, असंही वाटतं.

मी डबी घेऊन आले, दगड जागेवर गेला. चुलत भावाला मी स्वतः जाऊन सांगितलं; त्यांनी चहा दिला, पण माझ्यावर विश्वास ठेवला की नाही कळलं नाही. एक पारदर्शक डबी, एक खेळ, उपग्रह. मीही ठेवला नसता कदाचित.

नंतर मला गिरणी सुचली. गावातल्या पिठाच्या गिरणीत वही ठेवायची, अक्षांश-रेखांश गिरणीचे, शोधणाऱ्याने जाऊन गिरणीवाल्या काकांकडे वही मागायची. लपवणं नाही, खोटं नाही, बोलल्याशिवाय सापडणारच नाही. काका तयार होते. पण कॅशिंगच्या नियमांत दुकानात शिरल्याशिवाय, तिथल्या माणसाशी बोलल्याशिवाय सापडत नाही अशी कॅश व्यावसायिक ठरते आणि सहसा नाकारली जाते. नियमामागचं कारण मला पटतं; नाहीतर प्रत्येक कॉफीशॉप आपल्या काउंटरवर डबी ठेवेल. तरी लवळ्याची गिरणी आणि परदेशातली कॉफीची साखळी यांत नियमाला फरक दिसत नाही, याची चुटपुट लागते. ज्या गावात माणसाशी बोलणं हाच रस्ता सापडण्याचा सगळ्यात जुना मार्ग आहे, तिथे बोलणंच नियमबाह्य.

डिसेंबरात किराणा दुकानात ती भारेवाली बाई भेटली. मला बघून तिने लगेच ओळखलं. "घावलं का गं कानातलं?"

मी एकदा हो म्हणून सुटले असते. त्याऐवजी दुकानाच्या ओट्यावर बसून तिला खरं सांगितलं, सांगताना कान गरम झाले. ती आधी गप्प, मग हसायला लागली, मग दुकानदाराला हाक मारून तिने माझ्यासमोरच त्याला सगळं परत सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं रंगवून. शेवटी म्हणाली, "मग तवाच सांगायचं ना. डबी तरी घावली असती."

हे अर्थात खरं होतं. बांध त्यांच्या रोजच्या पायाखालचा.

जानेवारीत आजोबांकडे गेले, परवानगी मागायला. जमीनमालकाची परवानगी घ्या, असं नियमात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. मी ते सेवाअटींसारखं, अंगठा सरकवत वाचलं होतं. आजोबांनी डबी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "ठेवू आपण. पण जागा मी सांगणार."

मी वाट बघत उभी राहिले. ते शेताच्या बाजूच्या गडग्याशी गेले, रचलेल्या दगडांच्या भिंतीतून एक दगड काढला, डबी आत सारली, दगड परत लावला. माझ्याकडे पाठ होती त्यांची. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "घे आता तुझं ते मोबाइलवर." मी भिंतीसमोर फोन धरून उभी राहिले. आकडे स्थिर झाले. कोणता दगड, ते मात्र मला दिसेना. ते बांधावर बसून मजा बघत होते. सात-आठ मिनिटांनी मला सापडला: बाकी सगळ्यांवर शेवाळाचे वाळलेले डाग होते, त्याच्यावर नव्हते, कारण त्यांनी तो आतली बाजू बाहेर करून लावला होता. मला कुठल्याही परदेशी फोटोत इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती दिसलेली नाही. पुढच्या पावसात शेवाळ धरलं की तीही पुसली जाणार.

वर्णन मी मराठीत लिहिलंय. एकांत हा शब्द काढला. डबीवर लिहिलंय की हा खेळ आहे, जमीनमालकाच्या परवानगीने ठेवलाय, दगड परत तसाच लावा. वर्णनात एक ओळ घातलीय की कुणी विचारलं, काय हरवलंय, तर खरं सांगा. खूण आजोबांनी सांगितली ती घातली, आणि ती इथे देणार नाही. अवघडपणाचे तारे किती द्यायचे यावर आमचं जमलं नाही. त्यांच्या मते एक पुरे. मी तीन दिलेत.

स्वयंसेवकाने तपासून कॅश प्रसिद्ध केली त्याला आता पाच आठवडे झाले. वहीत पहिलं नाव आजोबांचं आहे, त्यांनी ठेवतानाच लिहून घेतलं, मोठ्या अक्षरात, तारखेसह. दुसरं अजून नाही. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, नातवाच्या नंबरवरून.

"आलं का कुणी?"